चन्नव्वाची ओ

श्रीमंतच्या हजरीत अठरा नावं होती, आणि पंधरा वर्षं तो सतराच घेत आला होता.

'हजरी' हा त्याचा नावाजलेला आयटम. खांद्यावर पंचा, हातात शाळकरी वही. वहीत काही लिहिलेलं नसायचं. तो आधी दुष्काळी कामावरचा कारकून व्हायचा, नाकातून बोलणारा, मान वर न करणारा. नाव पुकारायचा. आणि मग त्याच तोंडातून त्या नावाचा माणूस ओ द्यायचा. कुणाची ओ तंबाखूच्या बारामागून यायची, कुणाची भांडायला उठल्यासारखी, कुणाची लाजत, पदराआडून. तिसऱ्या नावाला लोक हसू लागायचे, सातव्याला बाया डोळे पुसायच्या. अकरावं झालं की तो बोटाला थुंकी लावून पान उलटायचा, सावकाश, कारकुनासारखा, आणि तेरावं पुकारायचा. त्या पान उलटण्यालाही लोक हसायचे. बाराव्या नावाची जागा अशी थुंकीखाली झाकून जायची.

खजुरीच्या तळ्याचं काम निघालं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. म्हैसूर राज्याचं नाव अजून कर्नाटक झालं नव्हतं. पाऊस दोन वर्षं रुसलेला. पाच गावची माणसं माती उपसायला यायची आणि सकाळी ढिगापाशी ओळीनं उभी राहायची. हजरी घेणारा गुरुराज कारकून बिदरच्या नौबादचा. चष्मा जाड, जीव भित्रा. नाव वाचायचा, ओ आली की खूण करायचा. ओ देणारं तोंड कुठलं, हे बघायला त्यानं कधी मान वर केली नाही.

श्रीमंतही त्याच कामावर होता, तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा. बापाकडून त्याला एक गोष्ट मिळाली होती : कान. माणूस बोलतो तेव्हा सावरून बोलतो, पण अवचित हाक आली की सावरायला सवड मिळत नाही, जो असेल तोच ओ देतो. म्हणून श्रीमंत माणसांचं बोलणं कधी धरत नसे, ओ धरायचा. मराठी असो, कन्नड असो, आळंदच्या बाजारातलं दखनी असो, हाकेला ओ ती ओच. कुणाला यायला उशीर झाला, कुणाचं पोर आजारी पडलं, तर आदल्या दिवशी गुपचूप सांगून ठेवायचं, "श्रीमंता, उद्या माझी तेवढी दे." तो ओळीच्या मागं उभा राहून पंच्याआडून द्यायचा. कुणाकुणाची दिली, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. सांगितलं तर खाडा पडेल, म्हणून कुणी बोलत नसे.

चन्नव्वा अमृतप्पा हे बारावं नाव. आळंदची लेक, खजुरीची सून. लिंगायताची, सडपातळ, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. श्रीमंत तिला अक्का म्हणायचा. लहानपणी माहेरी जोंधळ्यातल्या मचाणावर उभी राहून पाखरं राखलेली बाई. तिची ओ दोन वावरं ओलांडून येणारी, लांब, सरळ, कुठंही न तुटणारी.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या सण हाय. सारवण-पोतेरं करून येते, येळ होईल. माझी ओ दे रं."

"बाईची ओ? मला लुगडं नेसवतीस का काय, अक्का?"

"नेसवते की. आन् नीट दे. मधीच हसू नगंस. तुला हसायची लई खोड हाय."

"हसत न्हाई."

"शपत घे."

"हसलो तर माझा घसा जाईल. झालं?"

उगादीच्या सकाळी गुरुराजनं पुकारलं, "चन्नव्वा अमृतप्पाऽ."

श्रीमंतनं पंचा तोंडाला लावला आणि ओ सोडली. लांब, सरळ. शेजारी हरिबा उभा होता, म्हातारा, डोळ्यानं अधू. बाईचा आवाज अगदी कानाशी आला तसा तो बिचारा दचकला, धोतर सावरलं आणि बाईमाणसाला जागा द्यावी म्हणून दोन पावलं अदबीनं बाजूला सरकला. ते बघून श्रीमंतला हसू फुटलं. त्यानं ते दाबलं. ओ शेवटाला घशात अडकली, आवंढा गिळल्यासारखी तुटली.

गुरुराजनं खूण केली. पुढचं नाव हरिबाचं होतं.

त्याच वेळी मातीच्या ढिगापलीकडं चन्नव्वाचा थोरला भाऊ शिवशरण उभा होता. आळंदहून पहाटे निघालेला, सणाला बहिणीला न्यायला. ती घरी नव्हती, कामावर गेली म्हणाले, म्हणून इकडं आला. तिची ओ ऐकली आणि थांबला. आता कामावरून बोलवावी तर कारकून ओरडेल, संध्याकाळी नेऊ, असं म्हणून माघारी फिरला आणि तिच्या घरी जाऊन सोप्यात पडून राहिला.

चन्नव्वा कोरड्या वड्याच्या पायवाटेवर पडली होती. घाई केली म्हणून असेल, दोन दिवस पोटात काही नव्हतं म्हणून असेल, का फडा काढून बसलेलं काही चावलं असेल. पायाला खूण होती म्हणतात, नव्हती म्हणतात. तिसऱ्या प्रहरी बकऱ्यावाल्याला दिसली. अंग गरम होतं. उन्हानं का जिवानं, कोण सांगावं.

शिवशरण धावत आला. "न्हाई, न्हाई," एवढंच म्हणत होता. "मी सकाळी ओ ऐकली तिची. माझ्या ह्या कानानं." कुणी म्हणालं, अप्पा, ती तर पहाटेपास्नं इथंच पडल्यागत दिसतीय, अंगाखालचं गवत बघा. मग गुरुराज पुढं आला. मेलेल्या बाईची हजरी लागली, हे त्याच्या नोकरीवर येणारं होतं. त्यानं चष्मा काढला, हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मीही ऐकली. जीव गेला, तरी बाईनं ओ दिली." पहिला नारळ त्यानंच फोडला.

श्रीमंत तिथंच होता. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. तो वड्याकडं तोंड करून बसला आणि रडू यायची वाट बघू लागला. आलं नाही. उद्या येईल असं वाटलं. उद्याही आलं नाही. मग वाट बघायची सवयही गेली, आणि त्या जागी काहीच उरलं नाही.

पाऊस परतला तसं काम संपलं. श्रीमंत आळंदच्या बाजारात तुरीचा लिलाव करून दाखवू लागला, एकटाच अडत्या, एकटाच खरीददार, एकटाच पोत्याखालचा हमाल. लोक उभे राहायचे. मग जत्रा, मग गणपती, मग अक्कलकोट, उमरग्याकडची बोलावणी. तिकडं म्हणायचे, कानडी मुलखातला नकल्या लई भारी. इकडं म्हणायचे, मराठी माणूस पण कन्नड काय करतो बघा. गुलबर्ग्याला टीव्हीचं केंद्र आलं आणि त्याला एक दिवस बोलावणं आलं. खोलीत थंडगार वारा, डोळ्यांवर दिवे, समोर एकही माणूस नाही. हसायला कुणी नसताना त्यानं 'हजरी' केली. बाकीच्या कलाकारांना घाम फुटायचा म्हणे, हसू ऐकू येत नाही म्हणून. श्रीमंतला फरक कळला नाही. त्याला भरल्या मैदानातलं हसूही वाळल्या कडब्यात गुरं शिरल्यासारखंच ऐकू यायचं. आवाज यायचा, एवढंच.

पंचायतीच्या पेटीसमोर गावं बसू लागली. श्रीमंतचं नाव झालं. त्यानं गुलबर्ग्याला दोन खोल्यांचं घर केलं. लग्न झालं, बायको चार वर्षांत माहेरी गेली ती तिकडंच राहिली. जाताना म्हणाली, "तुम्हाला हाक मारली की तुम्ही कुणाच्या तरी आवाजात ओ देता. मला हसू यायचं आधी. आता येत न्हाई." तो 'बरं' म्हणाला. तेही नंतर आठवून बघितलं तर आळंदच्या पोस्टमास्तरच्या आवाजात म्हटलं होतं.

खजुरीला तो पुन्हा गेला नाही. कानावर मात्र येत होतं. वड्याकाठी कट्टा झाला. कट्ट्यावर दगड बसला. दगडाला हळदीकुंकू लागलं. उगादीला जत्रा भरू लागली.

अठ्ठ्याऐंशी साल लागलं आणि संक्रांतीनंतर शिवशरण त्याच्या दारात उभा राहिला. कपाळाला विभूती, डोईला पांढरी टोपी, हातात तुरीच्या डाळीचं गाठोडं. साठीला टेकला होता. आळंदचं दुकान पोरांवर टाकून तो आता कट्ट्यापाशीच राहायचा.

"वळखलास का?"

"शिवशरण अण्णा."

"टीवीत बघतो तुला. लई नाव काढलंस." तो बसला. पाणी प्याला. बराच वेळ गाठोड्याची गाठ चाचपत राहिला. "श्रीमंता, एक काम हाय. आमच्याकडची चार टवाळ पोरं कॉलेजात जायलेत. तुझी ती हजरी बघितली त्यांनी. आन् म्हणायलेत, ती ओ चन्नव्वाची न्हवतीच. त्या श्रीमंतनं दिली असंल."

श्रीमंतचा हात खांद्यावरच्या पंच्याकडं गेला.

"हसू नगंस."

"हसत न्हाई, अण्णा."

"पोरं म्हणली तर म्हणली. पण आता बायका बी इचारायल्यात. तू त्या दिवशी वळीत हुतास. तू ह्या उगादीला ये. तुझा खेळ कर, समद्यांना हसीव. आन् शेवटाला एवढंच सांग, की न्हाई, म्या दिली न्हाई, म्या बी ऐकली. तुझ्या तोंडून आलं की मिटलं."

"येतो," श्रीमंत म्हणाला. म्हाताऱ्याला दाराबाहेर सोडून आला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं, जायचं ते उलटंच सांगायला. भीती वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटली नाही. कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवल्यासारखं होतं ते.

उगादीच्या दिवशी खजुरीच्या वड्याला कडुनिंब नव्या पानांनी लवलवला होता. कट्ट्यासमोर चाळीस-पन्नास बाया बसलेल्या. मधोमध सिद्धम्मा, ओव्या लावणारी, दात दोनच पण आवाज खणखणीत. श्रीमंत आला तशी ती मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई, हाच का त्यो? पेटीत मोठा दिसतूस की रं! हितं तर पावशेर हायस."

"पेटीत भिंग लावतेत, अव्वा," श्रीमंत म्हणाला. बाया हसल्या.

"बस. आधी आमची ऐक, मंग तुझी ऐकू." आणि तिनं लावलं,

पहाटेच्या गं पारी वड्याकाठी नीज आली
नाव घेतल्या घेतल्या चन्नव्वानं ओ दिली

भाऊ आला न्यायाला, उभा ढिगाच्या गं आड
बहिणीची ओ आली, तिला कुडीची न्हाई चाड

ओवी संपली. एक बाई पुढं आली. तिचा लेक तीन वर्षांमागं भिवंडीला गेला होता, पत्र नव्हतं, सांगावा नव्हता. ती दगडासमोर उभी राहिली आणि वड्याकडं तोंड करून तिनं हाक मारली, "व्यंकटेशाऽऽ." आणि साऱ्या बायांनी मिळून ओ दिली, लांब, सरळ, आणि शेवटाला घशात अडकून तुटलेली. त्या बाईनं पदर डोळ्याला लावला, बुक्का घेतला आणि हलक्या पायानं खाली उतरली. मग दुसरी आली. तिचा नवरा. मग तिसरी.

ज्यांची माणसं हाकेला येत नाहीत, ते इथं येऊन हाक मारतात, अशी रीत पडली होती. चन्नव्वा सगळ्यांच्या वतीनं ओ देते.

श्रीमंत ऐकत होता. पहिल्या वेळीच त्याला कळलं होतं, पण दुसऱ्या, तिसऱ्या वेळी त्यानं नीट कान दिला, जसा तो दुसऱ्याच्या आवाजाला द्यायचा. चन्नव्वाची ओ कधी तुटायची नाही. हा शेवटचा अडखळा तिचा नव्हता. ते त्याचं हसू होतं. हरिबा अदबीनं सरकला तेव्हाचं, पंच्याखाली दाबलेलं. पंधरा वर्षं बाया ते घोटत होत्या, लेकींना शिकवत होत्या, त्याच्यापुढं कपाळ टेकत होत्या.

दुपारी जेवणं झाल्यावर तो शिवशरणला लिंबाखाली घेऊन गेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "अण्णा, पोरं खरं म्हणायलेत. ती ओ म्या दिली."

शिवशरण त्याच्याकडं बघत राहिला. "काय?"

"अक्कानं आदल्या दिवशी सांगितलं हुतं. येळ होईल, माझी ओ दे म्हणून. म्या दिली. तुमी ऐकली ती माझी."

"कामून असं बोलायलास?" म्हाताऱ्यानं विचारलं. "कुणी शिकवलं? त्या पोरांनी?"

"न्हाई. मीच."

"मंग तवाच कामून सांगितलं न्हाईस?"

याचं उत्तर श्रीमंतनं पंधरा वर्षांत कितीदा शोधलं होतं. तो म्हणाला, "ठाऊक न्हाई."

शिवशरण खाली बसला. गुडघ्यावर हात ठेवले. मग म्हणाला, "तुझी असती, तर मी माघारी कामून फिरलो असतो? बहिणीची ओ भावाला कळत न्हाई व्हय? माघारी फिरून सोप्यात पडलो मी. ऊन चढस्तोवर पडलो. ती तुझी असंल तर मंग मी..." तो थांबला. वड्याकडं बघितलं. ती पायवाट तिथून दिसत होती, शंभर पावलंही नव्हती. "दाव. दिलीस म्हणतूस ना? दे बरं. दे आता."

श्रीमंतनं पंचा तोंडाला लावला. पंधरा वर्षांत ही ओ त्यानं एकदाही काढली नव्हती, पण ती होती तिथंच होती. चन्नव्वा आली. मचाणावरची, दोन वावरं ओलांडणारी, लांब, सरळ, कुठंही न तुटणारी. लिंबावरचे होले उडाले.

शिवशरणनं डोळे मिटून ऐकलं. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग तो हसला, लेकराची चूक सापडल्यावर हसावं तसा.

"लई गोड केलीस. पण ही न्हवं."

"अण्णा, हीच अक्काची."

"आसंल. जित्तेपणीची आसंल. मी ऐकली ती ही न्हवं. ती शेवटाला अडकती. मरणाचा आवंढा हाय त्यो." त्यानं श्रीमंतच्या दंडावर हात ठेवला. "तुला वाटलं आसंल रं, म्हाताऱ्याचा घोर उतरावा. पण असं खोटं पाप अंगावर घिऊ नगंस."

आता फक्त एक अडखळा द्यायचा होता. एवढंच. श्रीमंतला तो येत होता, त्याचाच होता. त्यानं श्वास घेतला. समोर म्हातारा दंड धरून उभा राहायला बघत होता, गुडघे कुरकुरत होते, आणि त्याच्या पाठीमागं ती शंभर पावलांची पायवाट उन्हात पांढरी पडली होती. श्रीमंतनं आत चाचपून बघितलं, दया वाटते का, भीती वाटते का, सुटल्यासारखं वाटतं का. हात फिरवला आणि काहीच हाताला लागलं नाही. घेतलेला श्वास त्यानं नुसताच सोडला.

"धरा, अण्णा," असं म्हणून त्यानं म्हाताऱ्याला उठवलं.

खेळ दिवे लागायच्या आत ठेवला होता. बैलगाड्या सोडून मांडव केला होता, पाच गावची माणसं दाटलेली. ती टवाळ पोरं पुढंच बसली होती, हातावर हात बांधून. शिवशरण कट्ट्याला टेकून. श्रीमंतनं वही उघडली, चष्मा नाकावर ओढल्यासारखं केलं, आणि गुरुराज झाला. पहिलं नाव. ओ. दुसरं. ओ. तिसऱ्याला मांडव हसला. हजरीतली निम्मी माणसं इथलीच होती. कुणी मेलेली, कुणी समोर बसलेली, आपलीच ओ ऐकून मांडीवर थापा मारणारी. अकरावं झालं.

त्यानं बोट जिभेला लावलं. पान धरलं. लोक हसायच्या तयारीत.

त्यानं पान उलटलं नाही. नाकातून, मान खाली घालून, सावकाश पुकारलं, "चन्नव्वा अमृतप्पाऽ."

पोरांनी हात सोडले आणि पुढं झुकली. शिवशरणचं तोंड किंचित उघडं राहिलं. श्रीमंतनं पंचा तोंडापाशी नेला. या वेळी तो अडखळ्यासकट देणार होता. सगळ्यांदेखत. घसा तयार होता, हसू तयार होतं, तेच जुनं.

तेवढ्यात मांडवाच्या बाईमाणसांच्या बाजूनं ओ आली. आधी सिद्धम्माची, मग तिच्या मागून साऱ्यांची. कुणी ठरवली नव्हती. नाव पुकारलं की ओ द्यायची, एवढंच त्या जाणत होत्या. लांब गेली, सरळ गेली, वड्यावरून पलीकडं गेली, आणि शेवटाला दीडदोनशे गळ्यांत एकदम अडकून तुटली.

कुणी हसलं नाही. पोरांतल्या एकानं मान खाली घातली. शिवशरणनं टोपी काढून हातात घेतली.

श्रीमंत पंचा तोंडाशी धरून तसाच उभा होता. आपलं हसू इतक्या बायांच्या तोंडून ऐकताना काहीतरी होईल, असं वाटून तो क्षणभर थांबला. झालं नाही. वारा होता, लिंबाची फुलं वहीवर पडत होती.

त्यानं पंचा खाली घेतला. कारकुनानं करावी तशी बोटानं कोऱ्या पानावर खूण केली. मग बोटाला थुंकी लावली, पान उलटलं आणि पुढचं नाव पुकारलं,

"हरिबाऽ."

आणि हरिबाच्या आवाजात, धोतर सावरून, दोन पावलं अदबीनं बाजूला सरकत, त्यानं ओ दिली. मांडव हसून हसून कोसळला.